दुसऱ्याच्या हाताचा चाकू

चाकू परभणी जिल्ह्यात घरोघरी होते, पण चाकू कळणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. हे मी नात्यापोटी म्हणत नाही; नात्यापोटीच म्हणायचं असतं तर त्यांच्या गाण्याविषयीही चार बरे शब्द लिहिले असते. दाजी पोस्टमन होते. पालमच्या आसपासची नऊ खेडी ते पायी फिरत, आणि त्या नऊ खेड्यांत लोक पत्राइतकीच त्यांच्या मताचीही वाट बघत. घडीचा चाकू घ्यायचं मनात आलं की माणूस बाजाराला जाण्याआधी दाजींना गाठायचा. दाजी त्याला चाकूविषयी अवाक्षर सांगत नसत. "हात दाखवा," म्हणत. मग तळहात उलटापालटा करून बघत, अंगठा मागे किती वाकतो ते बघत, पेरू कापून खाता की चावून, खिसा सदऱ्याला आहे की बंडीला, हे विचारून घेत; आणि एवढी चौकशी झाल्यावर जरा वेळ आभाळाकडं बघून सांगत, "तुमाला पितळी मुठीचा न्हाई चालायचा. घाम लय येतो तुमच्या हाताला." स्थळ सुचवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरही इतकी जबाबदारी मी कधी पाहिली नाही. एका बड्या शेतकऱ्याचा हात तपासून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मालक, तुमाला चाकू सोसायचा न्हाई. तुमी अडकित्ता घ्या." मालक वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण अडकित्ता घेतला, आणि पुढं आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवूही लागले.

प्रत्यक्ष खरेदीला दाजी सोबत असले की घरच्यांनी दिवेलागणीपर्यंत वाट बघायची नाही, असा रिवाजच पडला होता. एस.टी.ने पाथरीला जायचं आणि कुलपं, कात्र्या, चाकू विकणाऱ्या म्हाताऱ्या चाचांच्या दुकानासमोर उकिडवं बसायचं. दाजी आधी मिटलेला चाकू कानाशी धरून हलवत. मग डोळे झाकून उघडत आणि मिटत. मिटताना चाकूने 'टक' असं एकदाच बोललं पाहिजे. 'खळ्ळ' करणारा चाकू सैल, आणि काहीच न बोलणारा आतल्या गाठीचा. मग तो उन्हाकडं धरून पात्याच्या दोन्ही अंगांनी सारखा उजेड दिसतो का ते पाहत. मग चाचांच्या लोट्यात अंगठा बुडवून ओल्या नखाने पातं उघडत, कारण कोरड्या हाताने कुणीही उघडतो. गरज नेमकी हात ओला असताना लागते. त्यानंतर त्यांच्या खिशातून सुतळीचा तुकडा, शिसपेन्सिलीचं थोटूक आणि पऱ्हाटीची वाळकी काडी निघे. तिन्ही वस्तू हाताचा जोर न वाढवता कापल्या गेल्या पाहिजेत. पातं चार बोटांच्या आत हवं. "चार बोटांच्या वर पातं गेलं की माणसाला दुश्मन आठवायला लागतेत," असं त्यांचं मत होतं, आणि टांगून ठेवलेल्या रामपुरीकडं ते लग्नात पिऊन आलेल्या नातेवाइकाकडं बघावं तसं बघत. माशाच्या आकाराचे चकचकीत चाकू तर ते हातातही घेत नसत. "मासा पाण्यात बरा," एवढंच म्हणत.

चाचा सोशीक होते, पण एकदा त्यांनाही राहवलं नाही. "क्या पोस्टमन साब, चाकू लेरे के निकाह पढ़ारे?" दाजी पात्यावरची नजर न हलवता म्हणाले, "चाचा, बायको रुसली तर म्हायेरी जाती. चाकू रुसला की बोटावर येतो." आणि एवढं होऊनही चाकू विकत घेतलाच असं नसे. चाचांशी बोलून तो आठ दिवस खिशात वागवायला न्यायचा. चाकू खिशात आहे याची सारखी आठवण होत राहिली, तर तो आपला नव्हे, परत करायचा. ही पद्धत ऐकून माझी आक्का चुलीपुढून म्हणायची, "मला बगायला आले तवा च्या प्यायच्या आत हो म्हणले. चाकूला मातर ह्यांला दोन-दोन बाजार लागतेत."

त्यांचा स्वतःचा चाकू शिसवी मुठीचा होता. तरुणपणी एका धार लावणाऱ्या शिकलगाराकडून घेतलेला, रोज सकाळी निसण्याच्या दगडावर चार हात फिरवलेला. टपालाच्या पिशवीची सुतळी त्यानेच सुटे. पाकीट त्याने असं उघडत की आतल्या एका अक्षराला धक्का लागत नसे. मग तेच पत्र वाचूनही दाखवत. बाभळीचे काटे किती जणांच्या टाचांतून काढले असतील त्याला गणती नाही. एकदा वाटेत अडलेल्या शेळीपाशी ते दुपारभर बसले, चाकू उकळून घेऊन करडाची नाळ कापली आणि टपाल दुसऱ्या दिवशी वाटलं. मालकिणीने त्या करडाचं नाव 'तार' ठेवलं. चाकू हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, खाली ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा, असं आपल्याकडं मानतात. दाजी मुद्दाम हातातच देत. त्यांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून असल्या समजुतींशी त्यांचं वैर होतं. असा चाकू दिल्यावर आठ दिवसांत सख्ख्या भावाशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हाही ते शांतपणे म्हणाले, "चाकूनं न्हाई झालं. बांधानं झालं."

माझ्यासाठी मात्र त्यांनी कधी चाकू पाहिला नव्हता. मी पाथरीला हायस्कुलात शिक्षक होतो, आणि माझा हात पुस्तकाचं पान उलटण्यापुरताच आहे असं त्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. त्यात मी डावखुरा. "मास्तर, तुमाला पेन हाय की," म्हणून विषय संपवत.

मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बोरीच्या एका घरी माझं लग्न ठरलं. होणारे सासरे कडक होते. पत्रिकेवर बौद्ध पद्धतीने विवाह असं ठळक छापलेलं, आणि जुनं काहीही मांडवात दिसता कामा नये असं त्यांनी बैठकीतच बजावलं होतं. आमच्याकडं कुणाचीच हरकत नव्हती. देव्हाऱ्यातले टाक माझ्या मायने स्वतःच्या हाताने गोदावरीत सोडले होते आणि पुन्हा मागे वळून पाहिलं नव्हतं. पण एक गोष्ट तिच्यातून गेली नव्हती. पूर्वी हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली सुरी असायची. ती खाली ठेवायची नसे. मायच्या थोरल्या भावाने स्वतःच्या लग्नात न्हाताना ती कोनाड्यात ठेवली आणि तिथंच विसरला. चौथ्या दिवशी पटकीने तो गेला. माय तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती, आणि कोनाड्यातली ती सुरी तिनेच आधी पाहिली होती. ती म्हणाली, "मी देव न्हाई मागायलीय, लोखंड मागायलीय. पोराच्या अंगावर लोखंड नसंल तर मी मांडवात येत न्हाई. घरीच बसते." मी पुस्तकातल्या चार गोष्टी सांगून पाहिल्या. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "खरं हाय तुजं. पर मी येत न्हाई."

आक्काने हे दाजींच्या कानावर घातलं. माय त्यांची लांबची आत्याच लागायची, पण मला वाटलं होतं ते तिच्याशी वाद घालतील. त्यांनी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी पाथरीला माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "मास्तर, हात दाखवा."

मी डावा हात पुढं केला. अंगठा वाकवून बघत त्यांनी मला सगळं समजावलं. लग्नापुरता खिशात टाकलेला चाकू म्हणजे लिंबूच. तसलं आपल्याला करायचं नाही, आणि आत्यालाही फसवायचं नाही. पण एखादा मास्तर रोज चाकू वापरत असेल, त्याच्यावाचून त्याचं अडत असेल, तर लग्नाच्या दिवशी तो त्याने घरी का म्हणून ठेवावा? "म्हंजे चाकू असा पाह्यजे की तुमी जलमभर खाली ठेवणार न्हाईत. महिना हाय हातात."

पहिल्या दहा-बारा दिवसांत आम्ही पालमचा बाजार पाहिला, बोरीचा पाहिला, जत्रेतली दुकानं पाहिली. अडचण माझ्या हाताची होती. पातं उघडायला नखाची खाच असते ती उजव्या हाताच्या सोयीने कोरलेली. डावखुऱ्याला ती पलीकडं जाते. शेवटी चाचांनी एक गंजका डबा उपडा केला. तळाशी आखूड पात्याचा, शिंगाच्या मुठीचा एक चाकू होता. "ये लेको जाओ. गलत बन गया था, उल्टा है. बरसों से पड़ा है," चाचा म्हणाले. खाच दुसऱ्या बाजूला होती. दाजींनी तो कानाशी धरला, उन्हाकडं धरला, ओल्या अंगठ्याने, तेही डाव्या, उघडला आणि माझ्या हातात दिला. मी उघडला, मिटला. 'टक' झालं. दाजी चाचांना म्हणाले, "गलत कसला, चाचा. गिऱ्हाईक उशिरा आलं."

पुढचे पंधरा-वीस दिवस त्यांनी मला कांदे चिरायला लावले, वर्गातल्या सगळ्या पोरांच्या पेन्सिली करायला लावल्या. माझ्या बोटांना चिंध्या होत्या. पण लग्नाच्या सकाळी पांढरा सदरा घालताना पेनाबरोबर चाकूही आपोआप खिशात गेला, आणि माय बैलगाडीत येऊन बसली.

मांडवात हारांची जुडी सुतळीने आवळून बांधलेली होती, गाठ सुटेना. सासरे घाईत म्हणाले, "चाकू हाय का कुणाकडं?" मी सवयीने खिशातून काढून दिला. ते माझ्याकडं बघतच राहिले. "मास्तर, तुमी चाकू बाळगता?" मागून दाजी म्हणाले, "रोज. पोरायच्या पेन्शिली कराय लागतेत." सासऱ्यांनी मान डोलावली, सुतळी कापली, आणि तेवढ्यात भंते आल्याचं कुणीतरी सांगितलं, तसे ते चाकू स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकून सामोरे गेले.

माय पहिल्या रांगेत बायकांत बसली होती. तिने ते पाहिलं. मी पाटाजवळ उभा, भंते आसनावर बसलेले, सासरे त्यांच्या शेजारी हात जोडून. मागणार कसं? माय उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मांडवाच्या तोंडाकडं चालायला लागली. आक्काने तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. तेव्हा दाजी पुरुषांच्या रांगेतून उठले. सगळ्या मांडवादेखत, तिच्या वाटेवरून, सावकाश माझ्यापर्यंत आले. त्यांनी आपल्या खिशातून शिसवी मुठीचा चाकू काढला आणि माझ्या खिशात ठेवून वरून एकदा थोपटला. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. आणखी एखादी गाठ निघंल," एवढं जरा मोठ्याने म्हणाले. त्या घटकेला त्या चाकूत आणि लिंबात तीळभर फरक नव्हता, आणि हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. माय मागे फिरली. जागेवर बसली. मग माझं लग्न लागलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी ओशाळून माझा चाकू परत केला. मी दाजींचा त्यांना द्यायला निघालो तर माय म्हणाली, "अंगावर होता तोच ऱ्हाऊ दे. मी हाय तवर." मी दाजींकडं पाहिलं. त्यांनी माझा उलटा चाकू उचलला, उघडायला गेले, नख घसरलं. "आत्या हाय तवर," म्हणाले आणि तो खिशात टाकला.

असं पुढं वर्षानुवर्षं चाललं. मी उजव्या हाताचा चाकू डाव्या हाताने वापरत होतो, आणि जिल्ह्याला हात बघून चाकू सांगणारा माणूस डावखुऱ्याचा चाकू वागवत होता. लोक हसायचे. "दाजी, तुमच्याच खिशात काऊन हे असलं ध्यान?" दाजी म्हणत, "नात्यातलं हाय."

मागच्या थंडीत ते अंथरुणाला खिळले तेव्हा मायला घेऊन मी पालमला गेलो. ती बाजेपाशी बसली आणि म्हणाली, "जावई, तुमचा तुमी परत घ्या आता. माजा जीव भरला." मी चाकू काढून पुढं केला. त्यांनी तो घेतला, उन्हाकडं धरला, धारेवरून अंगठा आडवा फिरवला. "तिरपा लावता तुमी निसण्यावर," म्हणाले. मग तो माझ्या हातात परत देत मायकडं वळले. "आत्या, मास्तराचं लगीन अजून चालूच हाय की." आक्का हसली, मायही हसली. उशाजवळ पेरू होते. त्यांनी उशीखालून उलटा चाकू काढला, दोनदा नख घसरल्यावर उघडला, आणि मायसाठी पेरू सोलायला घेतला. सालं बारीक तुकड्यांनी पडत होती. त्यांनी पूर्ण सोलला, फोडी केल्या, बिया काढल्या. मायला दात नव्हते. पंधरा दिवसांनी ते गेले.

माय आता माझ्याकडं असते. यंदा पुन्हा पेरू आले आहेत. दुपारी शाळेतून आलो की ती एक पेरू माझ्यापुढं ठेवते आणि मी दाजींच्या चाकूने तो सोलायला बसतो. ती बघत राहते.

"जावयासारखं जमत न्हाई तुला," ती म्हणते.

"न्हाई जमत, माय," मी म्हणतो, आणि फोडी तिच्या ताटलीत ठेवतो.