शारजातली जपानी व्हॅन

पुण्याहून सकाळच्या विमानाने निघाले तेव्हा माझ्याकडे चार दिवसांचं काम होतं आणि एका व्हॅनचा फोटो. पुण्यात मी जपानी शिकवते, अधूनमधून दुभाष्याचं कामही करते. या वेळी बोलावणं एका जपानी टेलिव्हिजन कंपनीचं होतं. त्यांची एक जुनी व्हॅन शारजात होती आणि तिचं चित्रीकरण करायचं होतं.

उतरले शारजातल्या अल नहदात, मामेबहीण वर्षाकडे. तिच्या गॅलरीखाली दुबईला जाणाऱ्या गाड्यांची रांग सकाळी लागते ती हटत नाही. तिच्या मुलीला कामाचं सांगितलं, तर ती म्हणाली, “बट मावशी, जपानमध्ये व्हॅन नाहीत का?”

दुसऱ्या दिवशी निर्मात्या मोरिता-सान (सान म्हणजे आपलं ‘बाई’ किंवा ‘राव’) आणि त्यांचा कॅमेरामन न्यायला आले. मोरिता-सान पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. गाडीत त्यांनी कंपनीची हकिकत सांगितली. कंपनी लहान, समुद्रकाठच्या एका गावातली. सुरुवात रेडिओने झाली, कोळ्यांना हवामान सांगण्यासाठी. टेलिव्हिजन मागाहून आलं. पण गावाने तिला आपलं मानलं ते त्सुनामीनंतर. वीज गेली, फोन बंद पडले. तेव्हा ही व्हॅन एका निवारा केंद्रातून दुसऱ्यात फिरली आणि वाचलेल्या माणसांची नावं प्रसारित करत राहिली. लोक गाडीतल्या रेडिओवर ती ऐकत. पुढे व्हॅन जुनी झाली, विकली गेली, आणि तिथल्या कितीतरी जुन्या गाड्यांसारखी शारजात पोहोचली. आता कंपनी स्वतःच्या इतिहासावर कार्यक्रम करत होती.

ड्रायव्हरने आधी जुन्या गाड्यांच्या भलत्याच यार्डात नेलं. तिथे चाक वाळूत रुतलं. आम्ही तिघांनी मिळून गाडी ढकलली आणि धुळीने माखून योग्य ठिकाणी पोहोचलो.

यार्ड इक्बालभाईंचं. मूळ रत्नागिरीजवळचे, तीस वर्षं इथे. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि हमूरचं (आखातातला मासा) सालन. मोरिता-सान हाताने जेवल्या आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

व्हॅन मागच्या कोपऱ्यात उभी होती. यंत्रं केव्हाच काढलेली, बाहेरून पांढरा रंग मारलेला. आठवड्याभरात ती टांझानियाला जाणार होती. कॅमेरा सुरू झाला. मोरिता-सान आत चढल्या आणि बाजूच्या पत्र्याशी थांबल्या. पत्र्यावर मार्करने नावं लिहिली होती, वरून खाली, दाटीवाटीने. प्रत्येक नावाच्या कडेला बारीक अक्षरांत त्याचा उच्चार. त्यांनी कॅमेरा बंद करायला सांगितला आणि तिथेच खाली बसल्या.

इक्बालभाईंनी मला हळूच विचारलं, “बाईंचं कोण गेलं काय?”

मी विचारलं.  मोरिता-सान सांगू लागल्या, आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत करत गेले. नावं वाचणारी बातमीदार त्याच होत्या. जपानी नाव चित्रलिपीत लिहितात आणि एकाच अक्षराचे दोन-दोन उच्चार असतात. केंद्रात मिळालेल्या एका चिठ्ठीवर एका माणसाचं नाव होतं. त्यांनी ‘हिरोशी’ वाचलं. तो ‘युताका’ होता. दुसऱ्या केंद्रात त्याची बायको ऐकत होती. तिला वाटलं, हा दुसराच कोणी. दोन दिवस ती रांगेने ठेवलेल्या प्रेतांची तोंडं बघत फिरली. तिसऱ्या दिवशी नवरा स्वतःच तिला शोधत आला. केंद्रातल्या लोकांकडून हे कळल्यावर मोरिता-सान उच्चार विचारल्याशिवाय एकही नाव वाचत नव्हत्या. पत्र्यावरची यादी त्यानंतरची. कंपनीत तो नियम आजही आहे, पण तो का झाला हे कोणालाच माहीत नाही.

“तुम्ही त्या बाईला भेटलात?” इक्बालभाईंनी विचारलं.

“नाही. धीर झाला नाही.”

इक्बालभाई माझ्याकडे वळले. “ताई, त्यांना सांगा,” ते मला म्हणाले, “मला सांगितलं तसंच तिला सांगा. मी तर परका आहे.”

मी भाषांतर केलं. मोरिता-सान उठल्या, तोंड पुसलं आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायला सांगितला. पत्र्याशेजारी उभं राहून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी माझी गरज नव्हती. कॅमेरामन त्यांच्याबरोबर बारा वर्षं होता. त्यालाही हे नवीनच होतं.

इक्बालभाईंनी स्वतः स्क्रू काढून पत्रा सोडवला आणि जुन्या चादरीत गुंडाळून दिला. विमानतळावर निरोप घेताना मोरिता-सान म्हणाल्या की हा भाग वरिष्ठ कापतीलही.

दीड महिन्याने पुण्यात त्यांचा मेल आला. भाग तसाच दाखवला गेला. त्या बाईंचं पत्र आलं होतं, त्याचा फोटो सोबत होता. त्या आता एकट्या आहेत, युताका-सान वारले. चार ओळीच होत्या. ऐकलं, पोहोचलं, एकदा चहाला या, एवढंच. खाली नवरा-बायको दोघांची नावं, आणि प्रत्येकाच्या कडेला बारीक अक्षरांत उच्चार.

भाषांतरात माझा एखादा शब्द चुकला, तर पूर्वी मी तो पुढच्या वाक्यात सावरून घ्यायचे आणि कोणाला कळायचं नाही. त्या पत्रानंतर मी थांबते, आणि चुकलं म्हणून सांगते.