ब्रेकर आला की उतरायचं

आमच्या पिवळीचा आवाज आधी घरी यायचा, गाडी मागाहून. काल्हेरच्या वळणावर ह्यांनी पाय जरा दाबला की माझ्या बशीतला चहा थरथरायचा आणि मी म्हणायची, आले. आता आमच्या दारात पांढरी उभी असते. ती चालू आहे की बंद, हे कळायला बॉनेटवर हात ठेवून बघावं लागतं.

हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची सवय कधी नव्हती, आणि या वयात ती लावून घेण्यात काही मजा नाही. ह्यांनी उभं तारुण्य टेम्पोवर घालवलं. भिवंडीतल्या लूमवरून कापडाचे तागे उचलायचे आणि ट्रकच्या शेपटाला शेपूट लावून ठाण्याकडे निघायचं. पुढच्या ट्रकचा धूर खायचा, पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचायचं. घरी आले की हातपाय धुताना म्हणायचे, "येक दिवस तरी माज्यापुढं कोन नसावा." मी समजायची की साहेबांना मोठा माणूस व्हायचंय. तसं काही नव्हतं. त्यांना खरोखरच फक्त मोकळा रस्ता हवा होता.

पूर्ण्याला आमचं शेत होतं. तिथे गोदामं उभी राहिली. आमच्याकडे अशी जमीन गेली की लोक आधी घर बांधतात, मग पोराच्या हळदीला सगळा गाव जेवू घालतात. ह्यांनी दोन्ही केलं आणि तिसरं म्हणून एके दिवशी पिवळी आणली. जर्मन गाडी. हळदीसारखी पिवळी, दोन दारांची. मागे सीट होती म्हणायला, पण तिथे नारळाची पिशवीसुद्धा अवघडून बसायची. आणि बुटकी इतकी की शेजारचं मांजर नुसता पाय टाकून तिच्यावर चढायचं.

त्या दिवसांतली मी आठवली की मलाच माझ्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. वय पन्नाशीच्या पुढे, अक्कल सोळाची. गाडीला शोभतील म्हणून दोन पिवळ्या साड्या घेतल्या. डोळ्यांवर काळा गॉगल. खिडकीत कोपर टेकवून मी अशी बसायची की बघणाऱ्याला वाटावं, स्टेअरिंग हिच्याकडेच आहे. मला तर ब्रेक कुठल्या पायाने दाबतात तेही ठाऊक नव्हतं. भीती वाटली की माझ्या बाजूला, रिकाम्या जागी, दोन्ही पाय दाबायची. त्यानेही गाडी थांबते असा माझा समज होता.

पहिल्याच आठवड्यात मी ह्यांना माझ्या मोठ्या जावेच्या दारात गाडी उभी करायला लावली. काच खाली केली. जाऊबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "येतो फेरी मारून."

"ये की घरात."

आता घरात जायचं तर उतरायला हवं. त्या सीटमधून उतरणं म्हणजे विहिरीतून वर येणं. मी एक पाय बाहेर टाकला, पदर दारात अडकला, दुसरा पाय आतच. जाऊबाईंनी सूप खाली ठेवलं, शांतपणे आल्या, दोन्ही हात धरून मला ओढलं आणि म्हणाल्या, "गाडीतून काडलं बाय तुला. आता गॉगल पन काड, उंबरा दिसायचा न्हाय."

आमच्याकडे नवी गाडी पहिल्यांदा वज्रेश्वरीला न्यायची. देवीला नारळ फुटल्याशिवाय ती गाडी आपली होत नाही. आम्ही निघालो. चाकाखालची लिंबं कधीच चिरडून झाली होती, हारातला झेंडू वाऱ्याने उडत होता, आणि पहिल्या गावच्या पहिल्या स्पीडब्रेकरवर खालून आवाज आला, खर्रर्र. ह्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्याच पोटावरून खिळा ओढला.

गाडी मागे घेतली. थोडं थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उतर गो."

मी उतरले. गाडी दोन बोटं वर आली आणि ब्रेकरवरून अलगद पार झाली. यातून माझ्याविषयी जे सिद्ध झालं ते मला फारसं आवडलं नाही. पण नियम ठरला तो तिथेच. ब्रेकर आला की मी उतरायचं, चालत पलीकडे जायचं, मग बसायचं.

तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही वज्रेश्वरीला जायचो, देवीच्या पाया पडायला आणि कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायला. आणि त्या रस्त्याला ब्रेकर थोडेथोडके नाहीत. शाळा आली ब्रेकर, देऊळ आलं ब्रेकर, कुणा पुढाऱ्याचं घर आलं की दोन. मी गॉगल लावून, पूजेची पिशवी हातात धरून, प्रत्येक ब्रेकर पायी ओलांडायची. एकदा बसची वाट बघत बसलेल्या एका बाईने मला विचारलं, "भांडन झालं काय गो?"

"न्हाय, ब्रेकर हाय."

"मंग मागच्या शुक्करवारी बी ब्रेकरच व्हता?"

पलीकडे पिवळी गुरगुरत उभी असायची. तिचं दार जड होतं आणि बाहेरून मला ओढवायचं नाही, म्हणून हे आडवे होऊन आतून ते ढकलायचे. उघडं दार, आणि त्यात वाकून वर बघणारं ह्यांचं तोंड. कपाळावर देवीचा मळवट, आणि ओठांवर हसू दाबून धरलेलं. लग्नात ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं, कारण तेव्हा ते मान खाली घालून बसले होते. टेम्पोच्या दिवसांत तर आम्ही एकमेकांकडे बघायचो ते डबा देता-घेता. माझा नवरा मला धड दिसला तो ब्रेकरच्या पलीकडून.

एवढी ताकदीची गाडी, पण ती पळायची कुठे? काल्हेरपासून अंजूरफाट्यापर्यंत कंटेनरच्या रांगेत ती पहिल्या गिअरमध्ये धापा टाकायची. चालत जाणारी माणसं आम्हाला मागे टाकायची आणि खिडकीत वाकून विचारायची, "किती देते हो?" कुठलीही गाडी बघितली की आपल्याकडे ॲव्हरेज आधी विचारतात. हे म्हणायचे, "देते काय, घेते!"

एकदाच ती पळाली. एका पहाटे ह्यांनी मला उठवलं आणि नाशिकच्या हायवेला पडघ्याच्या पुढे नेलं. उजाडत होतं. डोंगरांच्या रेषा नुकत्या दिसायला लागल्या होत्या आणि समोरचा रस्ता, देवीशपथ, रिकामा. ह्यांनी पाय दाबला. कुणीतरी माझ्या छातीवर तळहात ठेवून मला सीटमध्ये ढकललं असं वाटलं. मी आधी देवीचं नाव घेऊन ओरडले, मग नुसतीच ओरडले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हसतेय. हे एकच वाक्य म्हणत होते, "पुढं कोन न्हाय गो! पुढं कोन न्हाय!" पुढच्याच वळणाला एक दुधाचा टँकर आला आणि संपलं. पण त्या थोड्या वेळात माझ्या शेजारी टेम्पोवर चढायच्या आधीचा पोरगा बसला होता. त्याला मी तोवर पाहिलंच नव्हतं.

मग ह्यांना काचबिंदू झाला. समोरचं दिसायचं, पण कडा गेल्या. बाजूने रिक्षा आली की एकदम प्रकट झाल्यासारखी व्हायची. कंबरही धरली. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, आणि एवढ्या खाली बसणंसुद्धा. पिवळी दारात ताडपत्रीखाली पडून राहिली. मुलगा बाहेरगावी नोकरीला, सुनेला रोज ठाण्याला जायचं. तिने अगदी हळू आवाजात विषय काढला, की पिवळी एक्सचेंजमध्ये देऊन एखादी लहान गाडी घेतली तर? पेट्रोल कमी लागेल, पप्पांना चढता-उतरता येईल.

हे म्हणाले, "देऊन टाका." आणि उठून मागच्या दाराने बाहेर गेले.

शोरूमला मी आणि सून गेलो. हे आले नाहीत. किल्ली देण्याआधी मी पिवळीची ओटी भरली. ह्यांच्या सीटवर खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ ठेवले, स्टेअरिंगला हळदकुंकू लावलं. शोरूमचा माणूस धावत आला. "मॅडम, ये चावल निकालना पडेगा, सीट के अंदर जाएगा."

मी म्हटलं, "जाने दो. उसको खाली हात नहीं भेजते."

तो सुनेकडे बघायला लागला. सून माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते, म्हणून मग मी माझे भरू दिले नाहीत. घरी आल्यावर ह्यांनी नव्या पांढऱ्या गाडीकडे मान वळवूनही बघितलं नाही. फक्त विचारलं, "ओटी भरली?"

"भरली."

"बरं केलंस."

त्यानंतर शुक्रवार नुसतेच यायला लागले. सून शनिवारी, रविवारी न्यायला तयार होती, पण ह्यांचं एकच, "मी त्या डब्यात न्हाय बसनार." रिक्षाने जाऊ म्हटलं तर कंबर दुखते. दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ओळखायचे. हा डिझेल, याचा सायलेन्सर फाटलाय. मग तेही कमी झालं. मला पिवळी नको होती. मला ब्रेकरपलीकडचा तो माणूस हवा होता, आणि तो खुर्चीत माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालला होता.

मी सुनेला म्हटलं, "मला शिकव."

"काय, आई?"

"गाडी."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. रविवारी दुपारी गोदामांची कामं थंड असतात. पूर्ण्याच्या गोदामांमधल्या रस्त्यावर, जिथे मी कधी गुडघाभर चिखलात भात लावला होता, तिथे मी उभ्या कंटेनरच्या मधून पांढरी चालवायला शिकले. वॉचमन खुर्ची घेऊन गेटच्या आत जाऊन बसायचा. ब्रेक उजव्या पायाने दाबतात, आणि तो एकच असतो, हे कळायला मला एवढं आयुष्य लागलं. पण कळलं, आणि बरं जमलं. लायसन्सही आलं.

आता पुढचं मी सुनेलाही सांगितलेलं नाही. एका शुक्रवारी सून गाडी दारात ठेवून बसने ठाण्याला गेली होती. मी नेसूनसवरून पूजेची पिशवी घेतली, पांढरीत बसले, ह्यांच्या खुर्चीसमोर गाडी चालू केली आणि मुद्दाम झटक्यात क्लच सोडला. गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा उडी. मग नुसतंच ॲक्सिलेटर दाबून तिला बोंबलायला लावली. हे खुर्चीत वळवळायला लागले. पोटच्या पोराला कुणी मारतंय तसं.

"क्लच जाळशील गो! हलू सोड!"

"हळूच सोडतेय!"

"ह्याला हलू म्हंतात? थांब. थांब मंग!"

काठी टेकत आले. बाहेर उभं राहून सांगायला लागले, तर मला ऐकू येईना. मला त्या दिवशी फार कमी ऐकू येत होतं. शेवटी दार उघडून आत बसले. बसताना कंबर वाकवावी लागली नाही हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी सीटवर हात फिरवून बघितला. आणि मी क्लच सोडला, असा की पेल्यातलं पाणी हललं नसतं.

गल्ली संपल्यावर हे म्हणाले, "चोर हायस."

"पट्टा लावा."

भिवंडी ओलांडली. रस्ता जरा मोकळा झाला, पण पुढे विटांचा एक ट्रक रेंगाळत होता. मी म्हटलं, "काढू का पुढे?" हे त्या ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचत होते. समोरचं अजून दिसतं त्यांना.

"असू दे," म्हणाले. "मागं मागं चल."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. ज्याने जन्मभर पुढे कुणी नसावं म्हणून जीव टाकला, त्याने असं सहज म्हणावं? तेवढ्यात शाळा आली, आणि शाळेचा ब्रेकर.

"थांब," हे म्हणाले. पट्टा सोडला, दार उघडलं आणि काठी टेकून खाली उतरले.

"अहो, ही लागत नाही खाली! बसा!"

ऐकू आलं नाही, की ऐकलं नाही. मी गाडी पुढे घेतली. पांढरी ब्रेकरवरून अशी गेली जशी गाय उंबऱ्यावरून जाते, काही न वाटता. पलीकडे थांबून मी आरशात बघितलं. हे अजून तिथेच उभे. वाकून रस्ता बघत होते, ओरखडा शोधत. मग कळलं त्यांना. सरळ झाले आणि चालायला लागले. काठी, पाय, काठी, पाय. पांढरा सदरा, एका हाताने पकडलेली टोपी. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. वाजव म्हटलं.

इतकी वर्षं आरशात त्यांना मी अशीच येताना दिसत असेन. गॉगल लावून, पिवळ्या साडीत, पिशवी सांभाळत. मला कायम वाटायचं की ते मला हसतात.

मी आडवी झाले, तर पट्ट्याने मागे ओढलं. पट्टा सोडला, पुन्हा आडवी झाले, हात लांबवला आणि आतून दार ढकललं.

हे बसले. धाप लागली होती. जरा वेळाने म्हणाले, "किती देते?"

"भरपूर देते."

पुढचा ब्रेकर देवळाचा. मी हळू केली. ह्यांचा हात पट्ट्याकडे गेला.

"न उतरता जाते हो ती."

"म्हाईत हाय," म्हणाले, आणि उतरले.