पाणंद म्हणून लिहिलेला ओढा

बाबाराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीला लेकीकडं होतो. त्याची सून म्हणाली, "काका, मामाजी गेले... सकाळी च्या घेतला अन् बसल्या जागी." मिळेल ती एसटी धरली, पण गावात पोचेपर्यंत माती उरकली होती. त्याला आता दीड महिना होईल. आम्ही दोघं रोज बसायचो त्या पुलावर संध्याकाळी अजून जाऊन बसतो. बोलायला माणसं असतात, पण मलाच कंटाळा येतो. खरं सांगायचं तर त्याचा रागही येतो. असं न सांगता जातात का?

नगरपरिषदेत मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा, आणि बाबाराव माझ्यासोबत मोजणीची साखळी धरणारा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, शाळा चौथीपर्यंत, पण शिवाराचा उतार त्याला तळपायांनी कळायचा. कचेरीत मला 'साहेब' म्हणायचा आणि बाहेर पडलो की 'गड्या'.

पावसाळ्यात चिखलात साखळी ओढवत नाही, म्हणून मोजण्या उन्हाळ्यातच उरकायची आमची रीत. गावाच्या पूर्वेचा ओढाही आम्ही ऐन मे महिन्यात मोजला. तळ कोरडा ठाक, त्यातून बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गेलेल्या. मी वहीत लिहून टाकलं, 'पाणंद'. म्हणजे गाडीवाट. बाबाराव म्हणाला, "गड्या, ह्यो वढा हाय. लय पानी येतंय हितं." "मग दाखव की पाणी," मी चिडवलं. तो खाली बसला, वाळूत हातानं झिरा उकरला... कोपरभर खोल गेल्यावर ओल लागली, मग हळूहळू पाणी साचलं. मी ओंजळभर प्यालोसुद्धा. पण ऊन डोक्यावर आलं होतं, वहीत खाडाखोड दिसली की वरिष्ठ कान उपटायचे. पाणंद तशीच राहिली.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. यंदा नवा विकास आराखडा लोकांना बघायला लावला, तेव्हा आम्ही मिळून गेलो. जुनी पाणंद नव्या नकाशात पिवळी झाली होती. पिवळं म्हणजे घरं. ओढ्याची निळी रेघ कुठंच नव्हती. तिथं प्लॉट पडले की पाणी खालच्या वस्तीत शिरणार आणि ओढा कायमचा बुजणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बाबारावनं त्या पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हरकत टाकायलोय मी," तो म्हणाला, "तू येतू का?" मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा दुखत होता हे खरं, पण माझी चूक चारचौघांत निघेल याची भीती जास्त होती. त्यानं परत विचारलं नाही.

सुनावणीचं पत्र त्याच्या माघारी आलं. सून ते घेऊन माझ्याकडं आली. "काका, ह्याचं काय करू?" या वेळी गुडघ्याचं नाव काढायची लाज वाटली. मी गेलो.

अधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी बाबारावचं नाव पुकारलं. ते वारले, मी त्यांचा मित्र, असं सांगितलं तेव्हा त्यांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. वाकडंतिकडं अक्षर, पण कुठंही खाडाखोड नाही. 'मोजणी कोरड्या दिवसांत झाली, म्हणून ओढ्याला पाणंद लिहिलं गेलं. मोजणी कुणी केली ते आता आठवत नाही.'

आठवत नाही! शिवारातला दगड न् दगड ध्यानात ठेवणारा माणूस... मला पुढचं वाचवेना.

"जुनी मोजणी कुणाची, ते कळलं असतं तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या.

"माझी," मी म्हणालो. "पाणी बघूनही मी पाणंद लिहिली. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. मग म्हणाल्या, "आम्ही जागेवर येऊ. ओढा कुठून कुठवर जातो, दाखवाल ना?"

मी हो म्हणालो. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि तेव्हा लक्षात आलं, त्या ओढ्यात मी बाबारावशिवाय कधी पाऊलच टाकलं नव्हतं.