पानाच्या घडीतली मादी

राळेगावजवळच्या कपाशीत मला उड्या मारणाऱ्या कोळ्याची नवी जात सापडली होती. नर मिळाला होता, पण मादीशिवाय जातीचं वर्णन अपुरं होतं. तीन दिवस शोधून थकलो, तेव्हा कापूस वेचणाऱ्या एका बाईनं हाक मारली. बोंडं टोचू नयेत म्हणून तिनं बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. एक पान तिनं न तोडता अलगद उचललं. घडीत मादी अंड्यांवर बसली होती.

मी बाटली काढली.

"नेऊन काय करता इले?"

"स्पिरिटमध्ये ठेवतो. मग नाव देता येतं."

"नाव ठेवाले मारा लागते काय, भाऊ?"

मी वाकून अंडी पाहिली.

"पिल्लं निघू द्या, मंग न्या," ती म्हणाली. बोटाची एक चिंधी सोडून तिनं त्या झाडाला बांधली आणि पुढं वेचत गेली.

महिनाभरानं गेलो. शेत वेचून झालं होतं, ती दुसऱ्या गावी कामाला गेली होती. चिंधीच्या झाडाचा कापूस तेवढा कुणी वेचला नव्हता. पिल्लं निघून गेली होती, मादी तिथंच होती. मी तिला घेतलं. वर्णन पूर्ण झालं.

आता विद्यार्थ्यांना शेतात नेतो, तेव्हा अंड्यांवरची मादी मी कुणाला उचलू देत नाही.