देवीच्या खांद्यावरच्या दोन पाकळ्या

यजमानांच्या मणक्यात गाठ निघाली. पुण्यातले एक डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, नाहीतर पाय जातील. दुसरे म्हणाले, थांबा, ऑपरेशनमध्येच पाय जातील. दोघेही हुशार, दोघेही प्रामाणिक. तळेगावच्या आमच्या घरात रोज त्यावरून वाद. मला एकच उत्तर हवं होतं. मी फारशी देव-देव करणारी नाही. पण माणसांना विचारून झाल्यावर ह्यांना गाडीत घातलं आणि लोणावळ्यापलीकडच्या डोंगरात, माहेरच्या देवीला कौल लावायला गेले.

देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हे गाडीतच थांबले. ऑपरेशन करू का, असं मी विचारलं आणि उभी राहिले. एकही पाकळी पडेना. दारातून धुकं आत आलं, समईची ज्योत तेवढी दिसत राहिली.

“मावशी, पुन्हा लावा,” मी गुरवीणबाईंना म्हटलं.

“दोनी तिनंच धरून ठिवल्यात. लय घाई तुमाला, ताई. तिला न्हाई. बसा जरा.”

बसले. धुकं विरळ झालं तेव्हा काळ्या पाषाणावर हो आणि नाही शेजारीशेजारी, आणि देवीचा चेहरा जसाच्या तसा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतके दिवस मी दोनांपैकी एकाला खोटं ठरवायला धडपडत होते. ती मात्र दोन्ही अंगावर घेऊन स्वस्थ होती. किती वेळ बसले, कळलं नाही. उठले तेव्हा छाती हलकी होती.

गाडीत ह्यांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“काहीच नाही.”

“म्हणजे तुझ्यापुढे गप्प बसणारा मी एकटाच नाही तर!”

खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

परतीच्या वाटेवर मला एक प्रश्न सुचला, तो मी दोन्ही डॉक्टरांना विचारला. तुमचं मत कशाने बदलेल? पहिले म्हणाले, तळपायाची जाणीव शाबूत असेल, तर थांबता येईल. दुसरे म्हणाले, ती कमी झाली, तर त्याच दिवशी ऑपरेशन. म्हणजे दोघंही एकाच तळपायाकडे बघत होते! हा प्रश्न माझ्या डोक्यातला, असं मला अजूनही वाटत नाही.

आता रोज सकाळी देवापुढे दिवा लावते, मग ह्यांना डोळे मिटायला सांगून पायाच्या बोटांवरून काडी फिरवते.

“कुठलं बोट?”

“करंगळी.”

करंगळीच असते. उद्याचं मला माहीत नाही, आणि ते माहीत असलंच पाहिजे, हा हट्ट मी देवीच्या पायाशी ठेवला आहे. आजच्या करंगळीसाठी हात जोडते आणि चहा टाकायला जाते.