माझ्या हातानं बसणारं चाक

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सायकल मावत नाही. पुढचं चाक काढलं तर मावते, तीही मी अंग चोरून उभी राहिले तर. खाली ठेवावी म्हटलं, तर कोणी ना कोणी तिला खेटून स्कूटर लावतंच. म्हणून रोज चाक काढायचं आणि रोज बसवायचं.

सायकल विकणारा म्हणाला होता, अगदी सोपं आहे. चाकाच्या मधून एक सळई आरपार जाते. एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला लिव्हर. लिव्हर उघडला की चाक सुटतं, उलटा दुमडून दाबला की पक्कं बसतं. क्विक रिलीज म्हणतात त्याला. पण न्हाणीघरात घसरून माझं उजवं मनगट मोडलं, आत प्लेट बसवली, तेव्हापासून मुठीत पहिल्यासारखा जोर नाही. सायकलीबरोबर आलेला तो इवलासा लिव्हर माझ्यानं पुरता बसायचाच नाही. मग आमचे हे खाली यायचे.

हे भुसावळच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झाले, पण आवळायची सवय काही निवृत्त झाली नाही. त्यांनी बसवलेला लिव्हर त्यांच्याशिवाय कोणाला उघडायचा नाही. उजाडायच्या आत डोळे चोळत माझ्यासोबत खाली यायचे, चाक बसवायचे. मी परतले की फोन करायचा, पुन्हा खाली. कधी कुरकुर नाही. कुरकुर केली असती तर भांडता तरी आलं असतं! इतक्या भल्या माणसावर चिडायचं कसं, आणि मी तर रोज चिडत होते.

कारण मला सावद्याला जायचं होतं. माझं माहेर तिथे, धाकटा भाऊ केळी करतो. तापीचा पूल ओलांडून, माझ्या सायकलवर, एकटीनं जायचं होतं. वाटेत पंक्चर झालं तर चाक काढायला यांना बोलवायचं? तसं जायचं असेल तर बसनं गेलेली काय वाईट, असं मी यांना तोंडावर सांगितलं.

मग लिव्हर बदलायला आम्ही दोघं जळगावला एका मोठ्या सायकल दुकानात गेलो. यांना लिव्हर नसलेला, ॲलन किल्लीनं आवळायचा प्रकार आवडला. ‘एकदा आवळलं की काळजी मिटली,’ म्हणाले. कोणाची काळजी, ते मी विचारलं नाही. मला लाल रंगाचा, नाजूक, हलका असा एक लिव्हर भारीच आवडला होता. दुकानातल्या चाकावर लावून पाहिला तर दोन्ही हात लावूनही अर्ध्यात अडायचा. दिसायला देखणा आणि कामाला चुकार. शेवटी दुकानदारानं खालच्या खणातून एक साधा पोलादी काढला. जड, लांब दांडीचा, दाबणारा भाग डबीत झाकलेला. ‘हा आता कोणी घेत नाही हो, वजन फार,’ तो म्हणाला. मी तळहातानं दाबला. आधी सहज आला, दांडी सरळ बाहेर आली तिथून जड झाला, आणि मग बसला. तळहातावर लालभडक वळ उठला. तो वळ मी यांच्या नाकासमोर धरला. ‘जड आहे पण,’ हे म्हणाले. ‘मी काय कमी जड आहे?’ मी म्हटलं.

आठवडाभर रोज मी बसवायचे आणि हे मागून तपासायचे. त्यानंतरच्या रविवारी पहाटे मी निघाले.

सावद्याला पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं. भावाच्या मोटरपंपाच्या खोलीला सायकल टेकवली आणि त्याच्या घरात पोहे खायला गेले. तृप्त होऊन बाहेर आले तर भाऊ हात पुसत उभा.

‘अक्का, तुह्या सायकलीचा कॉक उघडाच राह्यला व्हता. मी बंद करून टाकला.’

ठिबकच्या नळीवर जो कॉक असतो, तो नळीच्या रेषेत असला की पाणी चालू आणि आडवा केला की बंद. याचं अख्खं आयुष्य ते कॉक फिरवण्यात गेलंय. माझा लिव्हर चाक धरणाऱ्या चिमट्याच्या रेषेत नीट बसलेला, म्हणजे याच्या हिशेबी उघडा! बिचाऱ्यानं तो उचलून बाहेर आडवा केला होता आणि वर नळासारखा गरागरा फिरवूनही ठेवला होता. चाक हलवून पाहिलं तर खुळखुळत होतं. आधी मी त्याच्यावर ओरडले. मग त्याचं तोंड पाहून इतकं हसू आलं की पाण्याच्या टाकीवर बसावं लागलं.

‘थांब, मी आवळतो,’ तो म्हणाला. ‘नाही तं गाडीत टाकू सायकल, सोडून देतो तुले.’

तेवढ्यात यांचा फोन आला. खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले, सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील तिथेच थांब, मी येतो. ते तसं म्हणाले असते तर मी थांबले असते, हे मला माहीत होतं, आणि पुन्हा एकटी निघाले नसते, हेही.

‘बसवता येईल ना तुला?’ त्यांनी विचारलं.

‘येईल.’

‘मग ये बसवून.’ आणि फोन ठेवला.

मी भावाला बाजूला केलं. एका हातात नट धरला, लिव्हर सरळ बाहेर असताना जड लागेपर्यंत फिरवत आणला आणि तळहातानं दाबला. मनगटातून कळ गेली. बसला. चाक धरून हलवलं, जागचं हललं नाही. भाऊ तोवर केळ्यांची फणी कॅरिअरला बांधत होता.

येताना तापीवर वारा समोरून होता, तरी मी गुणगुणत होते. इमारतीच्या फाटकाशी कोणी उभं नव्हतं. जिन्यातही नाही. मी चाक काढलं, अंग चोरून लिफ्टमध्ये शिरले, वर आले. दार उघडंच होतं. हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मान वर केली नाही.

‘आलीस?’ एवढंच.

घरात कोणाला चपला घालू न देणारा हा माणूस. यांच्या पायात बूट होते, नाड्या घट्ट बांधलेल्या, आणि स्कूटरची चावी मुठीत. किती वेळ असे बसले होते कोण जाणे.

‘बूट काढा आता,’ मी म्हटलं.