घागर कोणी धरली

गोंदियातल्या त्या इंग्रजी शाळेच्या फाटकावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, ‘एन्थ्रॉलिंग एज्युकेशन’. स्वतःच्याच तोंडाने! एन्थ्रॉल करणं म्हणजे समोरच्याला असं गुंतवणं की त्याला भान राहू नये. ते झालं की नाही, हे ऐकणाऱ्याने सांगायचं असतं. पण पाटी रंगवायला अक्कल लागत नाही, रंग लागतो.

तिथे मी शिक्षिकेच्या जागेसाठी गेले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नोकरी मला हवीच होती. विड्या वळून घर चालवणाऱ्या आईच्या मांडीवरचं सूप उतरवायचं होतं.

सातवीच्या वर्गावर एकेकाने तास घेऊन दाखवायचा होता. संचालकांनी शिकवायला शब्द दिला तोच, पाटीवरचा. माझ्या आधीच्या उमेदवाराने फळ्यावर ‘मंत्रमुग्ध करणे’ लिहिलं, खाली तीन समानार्थी शब्द, आणि पोरांकडून पाच-पाचदा म्हणवून घेतले. पोरं जांभया देत होती. संचालक मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "एक्सलंट."

मी खडू उचललाच नाही. सरळ आमचं अंगण सांगितलं. दुपारी बायका विड्या वळायला बसतात आणि एक म्हातारी गोष्ट सांगते. सांगताना तिचे हात हवेतच फिरतात, तिच्या विड्या होत नाहीत. म्हणून ऐकणाऱ्या बाया आपल्यातल्या मूठ-मूठ विड्या तिच्या सुपात टाकतात. माझ्या आईचे हात अंगात ताप असला तरी थांबत नाहीत. पण एकदा म्हातारी म्हणाली, "नव्या सुनेनं तलावात घागर बुडवली, अन् आतून कोणीतरी धरली." आईच्या हातातलं पान अर्धंच वळलेलं राहिलं, तंबाखू लुगड्यावर सांडली. म्हातारी मुद्दाम पाणी प्यायला थांबली, तर आई ओरडली, "काऊन थांबली वं बुढे? सांग ना, कोन होता आत?"

"आईचं जे झालं, त्याला एन्थ्रॉल म्हणतात," मी मुलांना इंग्रजीत सांगितलं. एकाही पोराने जांभई दिली नाही.

संचालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, इंग्लिश तो ठीक है. लेकिन बीडी? इधर अच्छे घर के बच्चे आते हैं."

टेबलावर त्यांचं सिगरेटचं पाकीट होतं. ते इज्जतदार, आमची विडी तेवढी घाणेरडी. जागा त्या पाच-पाचदा म्हणवणाऱ्याला गेली.

मी फाईल उचलली. दारापर्यंत पोचले नसेन, तोच मागून आवाज आला, "मॅडम, वो... घागर किसने पकडी थी?"

वळून बघितलं. मोबाईल पालथा पडला होता आणि साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"सर," मी म्हटलं, "आमच्या अंगणात पुढचं ऐकायचं असलं तर आधी सुपात काहीतरी टाकावं लागते."

आणि दार ओढून घेतलं.